बोर्डिंग हाउसच्या मालकिणीचा आवाज

अहो आई,

मे महिन्याचं तुमचं इकडे यायचं तिकीट मी परवा रद्द केलं. फोनवरच्या मुलीने कारण विचारलं. मी सांगितलं, तर ती म्हणाली, त्यासाठी एक दाखला लागेल. दाखला तयारच होता, इंग्रजी भाषांतरासकट, पाच प्रती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "माणूस गेलं तरी तुझी फाइल रिकामी राहत नाही बाप्पा."

बावीस दिवस झाले. जन्म कधीचा, नोकरी कुठे, मागे कोण कोण, हे सगळं तुमच्या शिरीषने नागपूरच्या वर्तमानपत्रात दिलं. मजकूर बरोबर आहे, मी तपासला. पण तो वाचून तुम्ही कोण होतात ते कोणाला कळणार नाही, आणि आपलं एक भांडण त्यात बसत नाही. ते भांडण गेल्या जुलैपासून तसंच राहिलं आहे. ते निस्तरायचं म्हणून हे लिहायला बसले आहे.

नव्व्याण्णव साली तुम्ही पहिल्यांदा आयर्लंडला, कॉर्कला आलात, तेव्हा तीन महिन्यांचा व्हिसा आणि माझ्या चार पानी सूचना, दोन्ही तुम्ही निमूट स्वीकारलंत. शेगडी, बस, कचऱ्याचे वार, शेजारी, डॉक्टर, सगळं मी क्रमाने लिहून फ्रिजवर लावलं होतं. तिसऱ्या दिवशी मी कामावरून लवकर आले, तर तुम्ही टीव्हीसमोर शिरीषचे शर्ट इस्त्री करत होतात. पडद्यावर दुपारची जुनी ब्रिटिश विनोदी मालिका आणि तुमचे डोळे मिटलेले. मला आधी शर्टाची काळजी वाटली.

"अहो आई, बघताय की झोपलात?"

"बघून नाही राहिले, ऐकून राहिले. ती तिसऱ्या रांगेतली बाई आज परत आली."

"कोण बाई?"

"हसणारी. सगळे हसून झाले की ही सुरू होते, अन् शेवटी उचकी देते. काल दुसऱ्या मालिकेत होती."

मी शिरीषला रात्री म्हटलं, आईंना एकटं वाटत असेल. मग माझ्या स्वभावाप्रमाणे दोन्ही मालिका व्हीसीआरवर घेतल्या आणि रविवारी मागे-पुढे करत तासभर ऐकल्या. दोन मालिका, दोन वेगळ्या जागा, आणि प्रेक्षकांत तीच बाई. उशिरा सुरू होणारं हसू, शेवटी उचकी. त्या दिवशी मी एक जाड वही आणली आणि पाच रकाने आखले. मालिका, प्रश्न, उत्तर, कुठून कळलं, पडताळणी.

तुमचे कान कशाने तयार झाले, ते मला त्या वहीमुळे कळलं. नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये तुम्ही वीस वर्षांच्या असताना टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलात. इंग्रजी वाचता येत होतं, बोलता येत नव्हतं, आणि सुपरवायझर बाईंनी तीन महिन्यांची मुदत दिली होती. तेव्हा शेजारच्यांच्या रेडिओवर शॉर्टवेव्हला लंडनहून एक विनोदी कार्यक्रम लागायचा. एक बोर्डिंग हाउस, त्याची कजाग मालकीण, भाडं चुकवणारा विमा एजंट, माळ्यावर राहणारा बहिरा बँडवाला. तुम्ही अर्धं समजून आणि अर्धं पाठ करून इंग्रजी शिकलात, पण शिकलात ते त्या मालकिणीकडून. त्यामुळे कलकत्त्याचा कुठला बडा साहेब तीन मिनिटांच्या वर बोलायला लागला की तुम्ही त्याला भाडं थकवलेल्या भाडेकरूसारखं झापायचात. "एकाने तर सॉरी मॅडम म्हणून फोनच ठेवला," असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मी पहिल्यांदा तुमच्यासमोर मोकळं हसले. तोवर मी सून म्हणून जरा मापात हसत होते.

वहीत काय काय भरलं आपण. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या वापरायचे, हे कोणीही सांगेल. पण एका मालिकेत मध्येच करवंट्या वाजवणारा माणूस बदलला आहे, कारण घोडा एका पायाने लंगडायला लागतो, हे तुम्ही सांगितलंत. एकच नट एका भागात चार-चार माणसं करायचा. तुम्ही चारही वेगळी काढायचात आणि पाचवा दरवाजाआड ओरडला तर तोही. मी विचारलं, कसं ओळखता? तुम्ही डावा हात कानावर ठेवलात, हेडफोन असल्यासारखा.

"माणूस आवाज बदलतो. श्वास बदलत नाही."

ट्रंक लाइनवर बोलण्याआधीचा श्वास आधी पोचतो म्हणे. तुम्ही त्यावरून सांगायचात की पलीकडे कोण आहे आणि बातमी बरी आहे की वाईट. माझ्यावरही तो प्रयोग चालायचाच. मी नागपूरला फोन लावायचे, 'हॅलो' म्हणायच्या आधीच तुम्ही, "आज काऊन दमली तू?"

एकदा मी तुम्हाला एका पुस्तकातून वाचून दाखवलं की त्या काळी टेप महाग, म्हणून स्टुडिओवाले जुने कार्यक्रम पुसून त्याच टेपवर नवे भरायचे. कित्येक भाग आता कुठेच नाहीत. तुम्ही म्हणालात, "म्हणजे आम्ही ऐकलं ते आता फक्त आमच्या कानात?" मी हो म्हटलं आणि पान उलटलं. तेव्हा मला ती एक रंजक माहिती वाटली होती.

माझं कामच तसं. औषधांच्या कारखान्यात मी कागदपत्रं सांभाळते. कोणी काय तपासलं, कोणी सही केली, तारीख कुठे आहे. आमच्याकडे म्हणतात, जे लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही. हे मी तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"मग माझं लग्न झालंच नाही म्हण," तुम्ही म्हणालात. "आमच्या वेळी कुठे होती नोंदणी. अन् शिरीष कुठून आला ते तूच शोध आता."

शेजारच्या ब्रीडाने तुम्हाला घराबाहेर काढलं. ती सत्तरीची, एकटी, कॉर्कच्या बाहेर फारशी न गेलेली. तिचं इंग्रजी मला चार वर्षांत धड कळलं नव्हतं. तुम्हाला चार दिवसांत कळलं. कारण साधं होतं. समुद्रापलीकडून येणारा तोच कार्यक्रम तीही तिच्या आईच्या स्वयंपाकघरात ऐकायची. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून मालकिणीला नावं ठेवायचात. मी खिडकीतून बघायचे, आणि मला वाटायचं, या दोघी एकाच चाळीत वाढल्या आहेत.

तिनेच आपल्याला टेबल क्विझला नेलं. इथे शाळेचं छप्पर गळो नाहीतर वाद्यवृंदाला ढोल हवा असो, गावकरी हॉलमध्ये टेबल क्विझ ठेवतात. चार जणांचं एक टेबल, प्रत्येक फेरीला एक कागद, आणि कागदावर कॅप्टन लिहील तेच उत्तर. आपलं टेबल म्हणजे तुम्ही, ब्रीडा, शिरीष आणि मी. नाव तुम्ही दिलंत, 'ट्रंक कॉल'. कॅप्टन कोण याची चर्चा झाली नाही, कारण पेन माझ्याकडे होतं. तुमची नऊवारीच्या थाटात नेसलेली पाचवारी, खाली स्पोर्ट्स शूज, वर शिरीषचा निळा रेनकोट आणि पिशवीत तिखट चिवड्याचा डबा. पहिल्या वर्षी आपण नववे आलो आणि चिवडा दोन टेबलं पलीकडे पोचला.

मग तो उन्हाळा आला ज्यात डोनलने जुन्या विनोदी कार्यक्रमांची फेरी ठेवली. डोनल म्हणजे शाळेचे निवृत्त मास्तर, क्विझ तेच घेतात. टेपवर पाच सेकंदांचा तुकडा लावायचा आणि नट ओळखायचा. तिसऱ्या तुकड्याला टेप सुरू झाली, अजून शब्द फुटला नव्हता, आणि तुम्ही माझ्या कानात नाव सांगितलंत. मी म्हटलं, "अहो, बोलू तर द्या त्याला." ते डोनलने ऐकलं. त्यांनी टेप थांबवली, तुम्हाला उभं केलं आणि पुढचे सहा तुकडे नुसत्या श्वासापुरते लावले. तुम्ही पाच बरोबर सांगितलेत. सहाव्याला म्हणालात, "याला सर्दी आहे, याचं नाही सांगत." सगळा हॉल पाय आपटायला लागला. मागच्या टेबलावरचा एक शेतकरी माझ्याकडे वाकून म्हणाला, "तुझी आई का?" मी म्हटलं, "सासू." तो म्हणाला, "फेअर प्ले टु हर." इकडची शाबासकी ती. इतक्या वर्षांत प्लांटमध्ये मला तीन बढत्या मिळाल्या. त्या 'सासू' म्हणण्यात जेवढा तोरा होता तेवढा त्या तिन्हींत मिळून नव्हता.

आता गेल्या जुलैचं.

आपण आणि शिक्षकांचं टेबल बरोबरीत. निकालासाठी एकच प्रश्न. डोनलने पत्ता काढावा तसं कार्ड काढलं आणि वाचलं, "बोर्डिंग हाउसच्या नाताळच्या भागात मालकिणीचा आवाज कोणाचा?" शिरीषने जिंकल्यासारखे दोन्ही हात वर केले. ब्रीडा तुमच्याकडे बघून हसली. एवढं सोपं आपल्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"तो विमा एजंट आहे," तुम्ही म्हणालात. "त्या भागात बाई नाहीच. एजंटवाल्याने दोन्ही केलं."

"अहो आई, पुस्तकात बाईचं नाव आहे. वहीतही आहे."

"पुस्तकाने ऐकलं का?"

"तुम्ही ऐकलंत त्याला चाळीस वर्षं झाली."

"पंचेचाळीस. बाई तोंडाने श्वास घ्यायची. त्या दिवशी मालकिणीने नाकाने घेतला. मी एक्स्चेंजमध्ये दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं."

"आई म्हणते तर लिही ना," शिरीष म्हणाला.

"शिरीष, पेन माझ्याकडे आहे."

हे वाक्य मी बोलले. मी पुस्तकातलं नाव लिहिलं, खाली सही केली आणि कागद दिला. डोनलने वाचलं, बरोबर म्हणून जाहीर केलं, आणि आपण जिंकलो. फोटोत कपाची एक बाजू तुम्ही धरली आहे आणि एक मी. फोटो बघणाऱ्याला काही कळायचं नाही.

घरी आल्यावर मीच विषय काढला. "तुम्हाला अजून वाटतं, मी चुकीचं लिहिलं?"

"वाटत नाही. ठाऊक आहे. चहा टाक."

मी चहा टाकला आणि वहीत त्या नोंदीपुढे लिहिलं, 'सासूबाईंचं मत वेगळं. पुरावा नाही.' तुम्ही दुसऱ्या दिवशी चष्मा लावून ते वाचलंत. "मत नाही माधवी. ऐकलंय मी. तेवढा शब्द खोड." मी म्हटलं, बघू. मी खोडला नाही.

हिवाळ्यात फोनवर तुम्ही एकदाही तो विषय काढला नाहीत. मी तीनदा काढला. मला तुमच्याकडून एवढंच हवं होतं की माझ्या जागी कोणीही असतं तरी तेच लिहिलं असतं. तुम्ही दर वेळी म्हणालात, "ते जाऊ दे, तिकडे पाऊस किती?" कॉर्कमधल्या पावसाची चौकशी करणं म्हणजे बोलायचं नाही असंच की. शेवटच्या फोनलाही मी तेच धरून बसले होते. तुम्हाला धाप लागत होती. तुम्ही माझा श्वास ओळखायचात, मला तुमचा ओळखता आला नाही.

तेरावं आटपून मी परतले त्या शनिवारी ब्रीडा दारात उभी. एका हातात सोडा ब्रेड, दुसऱ्या हातात जाड पाकीट. तिने शरद ऋतूतच इंग्लंडमधल्या एका गृहस्थांना पत्र टाकलं होतं. लोकांनी घरी रेडिओसमोर माइक धरून केलेली जुनी रेकॉर्डिंग ते गोळा करतात. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण उत्तर येईल याची खात्री नव्हती. उत्तर आलं होतं. एका दुकानदाराने आपल्या बैठकीत भरलेलं एक रीळ त्यांच्याकडे निघालं, नाताळचा भाग, मागे कुत्रं भुंकतंय. बाईंचा घसा त्या आठवड्यात बसला असावा, त्या भागात विमा एजंटवाल्या नटाने दोन्ही आवाज काढले. कुठे जाहीर केलं नाही, छापलंही गेलं नाही. त्यांनी लिहिलं होतं की ते रीळ त्यांच्याकडे कित्येक वर्षं आहे, पण ब्रीडाचं पत्र वाचून पुन्हा ऐकेपर्यंत त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. ज्या बाईंनी हे ओळखलं त्यांना माझा नमस्कार सांगा, असं शेवटी होतं. सोबत कॅसेट होती.

ब्रीडा गेल्यावर मी ती लावली. पहिल्या अकरा वेळा मला मालकीण मालकिणीसारखीच वाटली. मग मी डोळे मिटले आणि शब्द सोडून दिले. बाराव्या वेळी ऐकू आला. वाक्याच्या आधी, नाकाने, छोटासा.

मी खुर्चीत ताठ बसले. तुमचा अभिमान वाटत होता आणि तो सांगायचा कोणाला ते सुचत नव्हतं. फोनकार्डावर नागपूरची अजून एकेचाळीस मिनिटं शिल्लक आहेत.

चूक सापडली की ती दुरुस्त करायची, हे मला जमतं. सोमवारी कामावरून सरळ शाळेच्या हॉलवर गेले. कप, पत्र, कॅसेट आणि घडलेल्या प्रकाराचं एक टाइप केलेलं पान. डोनल खुर्च्या रचत होते. मी उभ्याउभ्या क्रमाने सांगितलं. आमचं उत्तर चूक होतं, कार्डही चूक होतं, माझ्या टेबलावर बरोबर उत्तर उपलब्ध असताना मी ते लिहिलं नाही, सबब कप परत.

"बस जरा," ते म्हणाले. "हे मला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं होतं."

"कोणी?"

"तुझ्या सासूने. तू गाडी आणायला गेलीस तेव्हा. म्हणाली, मास्तर, तुमचं कार्ड चुकलंय. मी म्हटलं, मग जाहीर करू का, दुसरा प्रश्न घेऊ? तर म्हणाली, मुळीच नको, शिक्षकांनी तर कागद कोरा दिलाय. पण कार्ड दुरुस्त करा, पुढे कोणी विचारेल."

त्यांनी खोक्यातून कार्ड काढलं. छापलेल्या नावाखाली पेन्सिलीने, तुमच्या तिरक्या इंग्रजी अक्षरात, त्या नटाचं नाव.

"मी तिला विचारलं, याला पुरावा काय?" डोनल म्हणाले. "ती म्हणाली, माझी सून शोधून काढेल. तिला सांगितलेलं चालत नाही, स्वतः तपासावं लागतं. एकदा मागे लागली की सोडत नाही. मोठी ऐट होती तिला तुझी. मला वाटलं, आज तू तेच घेऊन आलीस."

मी त्यांना खरं सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. मी शोधलं नव्हतं, अहो आई. ब्रीडाने शोधलं. तुम्ही पावसाचं विचारत राहिलात ते टाळायला नव्हे, वाट बघत होतात. सात-आठ महिने तुम्ही वाट बघितलीत की माधवी आज ना उद्या फोन करून म्हणेल, सापडलं. आणि मी फोन करून म्हणत होते, माझं काही चुकलं नाही.

डोनलने कप परत घेतला नाही. कार्डाची मात्र मला एक प्रत काढून दिली. घरी येऊन मी 'मत' हा शब्द खोडला, वर 'ऐकलं' लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग वही पहिल्या पानापासून चाळली. तुम्ही सांगितलेलं आणि मी 'पुरावा नाही' म्हणून मिटवून टाकलेलं असं आणखी चौदा ठिकाणी आहे. त्या माळ्यावरच्या बँडवाल्याची दोन आहेत, एक लंगड्या घोड्याचं, आणि एक इतकं अवघड की प्रश्नच मला दोनदा वाचावा लागला. इंग्लंडच्या गृहस्थांनी त्यांच्यासारख्या आणखी काही संग्राहकांचे पत्ते कळवले आहेत. चौदा नोंदी, चौदा पत्रं. शिरीष म्हणतो, एकेक पाठव, नाहीतर लोक घाबरतील.

पहिलं आज सकाळी कामावर जाताना टाकलं. मसुदा तीनदा बदलला, तुम्हाला माहीतच आहे. आधी लिहिलं होतं, माझ्या सासूबाईंना असं वाटायचं. मग, त्यांचं असं म्हणणं होतं. शेवटी पाठवलं ते असं. माझ्या सासूबाई नलिनीबाई, ट्रंक ऑपरेटर, नागपूर, यांनी हे ऐकलेलं आहे. ते आपल्याकडच्या कुठल्या टेपवर आहे, तेवढं कळवावं.